रोज ब्रश करूनही तारांभोवती कीटण का साचतं? या चुका टाळा

माझ्या मुलीच्या दातांना तारा लागल्या तेव्हा ती नववीत होती. सकाळ-रात्र ब्रश नेमाने व्हायचा, मी स्वतः पाहायचे. तरी चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी तिच्या हाती आरसा दिला आणि वरच्या सुळ्याकडे बोट दाखवलं. ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या, वरच्या कडेला, हिरडीला लागून, खडूने ओढावी तशी एक पांढरट कमान उमटली होती.

ती कमान म्हणजे कीड लागण्याची सुरुवात. कीटण म्हणजे दातांवर बसणारा जंतूंचा चिकट थर. त्यातले जंतू गोड आणि पिठाळ खाण्यापासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातली, खनिजं काढून घेतं. सफाई नीट होत नसेल तर चार आठवड्यांतसुद्धा असा डाग दिसू लागतो. हा डाग घासून जात नाही. लवकर लक्षात आला तर फ्लोराइडने पुष्कळ सावरतो, पण उशीर झाला तर तारा निघाल्यावर प्रत्येक दातावर ब्रॅकेटची पांढरी चौकट राहते. दोन वर्षं तारा सोसून सरळ झालेल्या दातांवर ही चौकट पाहताना जिवाला फार लागतं, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आमची चूक वेळेची नव्हती, जागेची होती. मुलगी ब्रश दातांवर आडवा फिरवायची. त्याने ब्रॅकेटचा दर्शनी भाग लख्ख व्हायचा, पण केस तारेवरच अडायचे. कीटण खरं बसतं ते हिरडी आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या अरुंद पट्टीत आणि तारेच्या मागे. त्या पट्टीसाठी ब्रश हिरडीकडे साधारण ४५ अंशांत तिरपा धरायचा आणि जागच्या जागी हलकेच हलवायचा. मग तोच ब्रश उलट बाजूने, ब्रॅकेटच्या दुसऱ्या कडेवर. त्यानंतर दर्शनी भाग, आतली बाजू आणि चावण्याची बाजू. शेवटी बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा तो छोटा इंटरडेंटल ब्रश प्रत्येक ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना तारेखालून एकदा वरून आणि एकदा खालून घालायचा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं लागतात, आठवड्याभरात पाच-सहा मिनिटांत उरकतं.

आता आपल्या इंदूरच्या खाण्याबद्दल, कारण अर्धी अडचण तिथेच आहे. सकाळी पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला घातल्याशिवाय आपला दिवस सुरू होत नाही. एका रविवारी नाश्त्यानंतर मी मुलीला बेसिनच्या दिव्याखाली उभं केलं आणि छोटा ब्रश तारेखालून फिरवला. शेवेचा भिजलेला पिवळा लगदा, कोथिंबिरीचं पान आणि जीरावनचे बारीक कण, एवढं एका सुळ्यामागून निघालं, आणि तिने चूळ तर भरली होती! पोहे बंद करायची गरज नाही, नाश्त्यानंतर शाळेत जाण्याआधी तारेखालचा ब्रश मात्र हवाच. हळदीने ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं दोन-चार दिवसांत पिवळी पडतात, ती घाण नव्हे. पुढच्या भेटीत डॉक्टर रबरं बदलतातच, तेव्हा निळी किंवा राखाडी मागून घ्या.

रात्रीच्या सराफा बाजाराची गोष्ट जास्त गंभीर. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथलं खाणं सुरू होतं, म्हणजे घरी यायला मध्यरात्र होते आणि रबडी-जिलबी खाऊन पोरं तशीच झोपतात. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवरचं आम्ल धुतलं जात नाही. दिवसातला एखादा ब्रश चुकला तर एकवेळ चालेल, पण रात्रीचा चुकवू नका, मग कितीही वाजोत. भाजलेलं कणीस दातांनी ओरबाडू नये, ब्रॅकेट उचकटतो. भुट्ट्याचा कीस खुशाल खाऊ द्या. हिवाळ्यातल्या गराडू कंदाची कडक तळलेली फोड मात्र नको.

लिंबाचं किंवा आंबट काही प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा, कारण आम्लाने एनॅमल तेवढ्या वेळापुरतं मऊ झालेलं असतं. कोळशाची पूड आणि खरखरीत दंतमंजन पूर्ण बंद. दात पांढरे करणारी पेस्टही तारा असेपर्यंत नको, ती ब्रॅकेटखाली पोहोचत नाही आणि रंग दुरंगी होण्याची भीती असते. साधी फ्लोराइडची पेस्ट घ्या, आणि ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका, खळाखळा चुळा भरून फ्लोराइड धुऊन काढू नका. माउथवॉश ब्रशची जागा घेत नाही. टाचणीने अडकलेलं टोकरू नका.

हिरडीतून रक्त आलं की मुलं त्या बाजूचा ब्रश सोडून देतात. हे उलटं आहे. रक्त बहुतेक वेळा तिथे साचलेल्या कीटणामुळेच येतं. मऊ केसांचा ब्रश घेऊन तीच जागा रोज हळुवार साफ करा, आठ-दहा दिवसांत सूज उतरू लागते. उतरली नाही, किंवा हिरडी ब्रॅकेटवर चढू लागली, तर डॉक्टरांना दाखवा. दातांवर पिवळा दगडासारखा थर धरला असेल तर तो ब्रशने निघणार नाही, डॉक्टरांकडून स्केलिंग करून, म्हणजे खरवडूनच, काढावा लागतो. आणि ब्रशचे केस बाहेर वळले की तीन महिन्यांची वाट न पाहता ब्रश बदला. तारांवर ते लवकर झिजतात.

तार गालाला टोचत असेल तर जागा कोरडी करून तारांसाठी मिळणाऱ्या मेणाची छोटी गोळी दाबून बसवा. मेण नसेल तर पेन्सिलच्या खोडरबराने टोक हलकेच दाताकडे ढकला, नेलकटरने कापू नका. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. पूर्ण निघाला असेल तर डबीत घालून पुढच्या भेटीला घेऊन जा, आणि तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका.