जोडीनं करायचा सायमन प्रयोग

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला प्रयोज्य, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, बहुतेक वेळा एकटाच बसतो. दर्पण आरेखन (आरशात बघून आकृती गिरवणं) असो की निरर्थक शब्दांचं पाठांतर, टेबलापलीकडे प्रयोगकर्ता आणि अलीकडे तो. तृतीय वर्षाच्या मुलांना मी एक प्रयोग मुद्दाम जोडीनं करायला लावते. सामान थोडंच लागतं: लॅपटॉप, वेगळा की-बोर्ड, दोन खुर्च्या. टेबल आवरायची शिस्त मात्र हवी, आणि प्रयोग फसतो तो बहुधा तिथेच.

आधी मूळ सायमन परिणाम समजून घ्या. निळा चौकोन आला की डावी कळ दाबायची, पिवळा आला की उजवी. चौकोन पडद्याच्या डाव्या बाजूला येतो की उजव्या, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. तरीही निळा डावीकडे आला तर बोट झटकन पडतं, उजवीकडे आला तर किंचित अडखळतं. जे. रिचर्ड सायमन यांनी १९६७ साली ‘डावा’, ‘उजवा’ हे शब्द कधी या कानात, कधी त्या कानात ऐकवून हे दाखवलं होतं.

आता पिवळ्याचं काम काढून घ्या. प्रयोज्यानं फक्त निळ्याला कळ दाबायची, पिवळा आला की गप्प राहायचं. अडखळणं जवळजवळ नाहीसं होतं. मग शेजारी दुसऱ्याला बसवून पिवळा त्याच्याकडे सोपवा. पहिल्याचं काम तसूभरही बदललेलं नाही, तरी अडखळणं परत येतं! नताली सेबान्झ, ग्युंटर क्नोब्लिख आणि वोल्फगांग प्रिन्त्स यांनी हे २००३ साली प्रसिद्ध केलं. त्यांच्या पडद्यावर रोखलेलं बोट असायचं आणि बोटात लाल नाहीतर हिरवी अंगठी. वर्गात एखाद्याला लाल-हिरवा सारखेच दिसत असू शकतात, म्हणून मी निळा-पिवळा घेते.

मांडणीसाठी सायकोपाय किंवा ओपनसेसमी हे सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही मोफत आहेत. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर हे होणार नाही. जोडीतला फरक साधारण दहा-पंधरा मिलिसेकंदांचा असतो, आणि साठ हर्ट्झचा पडदाच दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. इतकी बारीक गोष्ट सरासरीतच सापडते, म्हणून एका फेरीत दोनशे चौकोन तरी ठेवा: शंभर निळे, शंभर पिवळे, प्रत्येकी निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे, क्रम सरमिसळ. डावीकडच्यासाठी डावीकडे आलेला निळा सुसंगत, जोडीदाराच्या बाजूला आलेला विसंगत.

फेऱ्या दोन: एकट्याची आणि जोडीची. निम्म्या जोड्यांना आधी एकट्याची द्या, उरलेल्यांना आधी जोडीची. एकट्याच्या फेरीतही प्रयोज्य आपल्या बाजूलाच बसेल, पडद्यासमोर मधोमध सरकणार नाही, हे बघा. मुलं हमखास सरकतात.

आता टेबल. थॉमस डोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली शेजारच्या माणसाच्या जागी हात हलवणारी जपानी मांजर ठेवली, आणि अडखळणं तरीही दिसलं. घड्याळ आणि मेट्रोनोमनंही (टकटक करत ताल देणारं यंत्र) तेच केलं. त्यांचं म्हणणं असं, की शेजारी लक्ष वेधणारं काहीही घडत असलं की माझी कृती मला ‘डावीकडची’ वाटायला लागते. म्हणून एकट्याच्या फेरीआधी उजवी बाजू पूर्ण रिकामी करा. टिकटिकणारं घड्याळ, थरथरणारा मोबाइल, तिकडून वाकून बघणारा मित्र, सगळं बाहेर. आमच्याकडे एप्रिलमध्ये मान फिरवणारा टेबलफॅन लागतोच. तो मी प्रयोज्याच्या पाठीमागे मधोमध, मान थांबवून ठेवते. फॅन शेजारी फिरत राहिला तर एकट्याच्या फेरीतही फरक उगवू शकतो आणि तुलना करायला काही उरत नाही.

वेळ असेल तर मांजरीची तिसरी फेरी घ्याच. ती सोनेरी मांजर गिफ्टच्या दुकानात मिळते. मुलं हसतात, पण आकडे बघताना गप्प होतात.

जोड्या लावताना भांडलेल्यांना एकत्र बसवू नका. होमेल आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात जोडीदार प्रेमळ वागला तेव्हाच परिणाम दिसला, धाक दाखवणाऱ्याबरोबर दिसला नाही. (हाच धागा धरून कुणाला प्रकल्प करायचा असेल तर जोडी मुद्दाम बिघडवावी लागेल. मी ते करू देत नाही.) ‘कोण जास्त फास्ट’ अशी शर्यतही लागते, सूचना देतानाच सांगा की वेळ आपापली मोजली जाते.

हिशोब सोपा. चुकीच्या प्रतिक्रिया काढा, दीडशे मिलिसेकंदांच्या आतल्या आणि एक सेकंदावरच्याही काढा. विसंगतच्या सरासरीतून सुसंगतची सरासरी वजा करा, दोन्ही फेऱ्यांसाठी वेगवेगळी. एकाच प्रयोज्याचा आकडा उलटा आला तर घाबरू नका, अख्ख्या वर्गाची सरासरी काढा.

जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, निष्कर्ष लिहिताना ‘प्रयोज्याने जोडीदाराचे काम आपल्या मनात धरले’ असं ठोकून देऊ नका. मांजरीचं कुठलं आलंय काम? दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. एस्केनाझी, सेबान्झ आणि मंडळींनी २०१३ साली दाखवलं, की शब्दांच्या यादीत जे गट जोडीदाराला सांभाळायचे होते त्यातले शब्द लोकांना, कुणालाच न दिलेल्या गटातल्या शब्दांपेक्षा, नंतर जास्त आठवतात. माझं मत विचाराल तर जोडीदाराचं काम थोडंफार मनात शिरतं, पण कळ दाबायच्या या प्रयोगातून तेवढं सिद्ध होत नाही. मुलांना मी दोन्ही स्पष्टीकरणं लिहायला लावते. एक्स्टर्नल तोंडी परीक्षेत एवढंच विचारतात: “मग एकट्याच्या फेरीचा उपयोग काय?” त्याचं उत्तर पाठ करू नका, आपल्याच तक्त्यातले दोन आकडे दाखवा.