आतड्याच्या लिम्फोमाचा रिपोर्ट कसा वाचायचा आणि ईबर टेस्ट कधी विचारायची

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. बायोप्सीच्या तुकड्यातल्या पेशींवरची प्रोटीन रंग देऊन ओळखणारी टेस्ट म्हणजे आयएचसी, तिचा रिपोर्ट हातात आला की घरातले सगळे पॉझिटिव्ह हा शब्द बघूनच हादरतात. इथे पॉझिटिव्ह म्हणजे वाईट असं नसतं हो, ती पेशी कुठल्या जातीची आहे एवढंच त्यातून कळतं.

आधी रिपोर्टमध्ये सीडी२० आणि सीडी३ शोधा, ही पेशींची ओळख पटवणारी प्रोटीन. गाठीतल्या पेशी सीडी२० पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक बी-सेल (लिम्फोसाइटची एक जात) लिम्फोमा, आतड्यात जास्त करून हाच निघतो, आणि रिटुक्सिमॅब हे औषध याच सीडी२० ला पकडतं. पण ते सुरू व्हायच्या आधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या हिपॅटायटिस बी च्या रक्ताच्या दोन्ही टेस्ट झाल्यात का हे विचाराच, कारण हिपॅटायटिस बी चा जुना दबलेला व्हायरस या औषधाने परत उसळू शकतो आणि लिव्हरचं प्रकरण जिवावर बेतू शकतं.

सीडी३ पॉझिटिव्ह आणि सीडी२० निगेटिव्ह असेल तर टी किंवा एनके सेलचा (लिम्फोसाइटच्याच दुसऱ्या जाती) विचार होतो, आणि इथे सीडी५६ हे आणखी एक प्रोटीन पॉझिटिव्ह आलं तरी तेवढ्यावर निकाल लागत नाही. ईबर हवी. ही टेस्ट एपस्टाइन-बार व्हायरसचा आरएनए थेट बायोप्सीच्या तुकड्यात शोधते. गाठीच्या पेशींमध्येच ईबर पॉझिटिव्ह असेल तर एनके/टी लिम्फोमाकडे बोट जातं, त्यात ॲस्पॅराजिनेज हे औषध असलेली किमो देतात. निगेटिव्ह असेल तर आतड्याचा दुसरा टी-सेल प्रकार असू शकतो, त्याची ट्रीटमेंट वेगळी. आजूबाजूला एखाद-दुसरी पेशी पॉझिटिव्ह दिसली तर ती धरत नाहीत. आणि कोणी रक्तातली ईबीव्ही आयजीजी (याच व्हायरसच्या अँटीबॉडीची टेस्ट) करून आणली असेल तर त्यावरून काही ठरवू नका, ती बहुतेक मोठ्या माणसांची पॉझिटिव्हच येते, लहानपणी इन्फेक्शन होऊन गेलेलं असतं.

केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी वाढतायत तो आकडा, बस.

आपल्याकडे आतड्याचा टीबी पण असाच दिसतो, ताप, वजन उतरणं, पोटात दुखणं सगळं सेम, म्हणून खरं काय ते बायोप्सीतूनच कळायला हवं, आणि बायोप्सी व्हायच्या आधी स्टेरॉइड चालू करत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, स्टेरॉइडने लिम्फोमाच्या पेशी विरघळतात आणि मग तुकड्यात काही सापडत नाही.

ठाण्यात किंवा वाशीत बायोप्सी झाली असेल आणि सेकंड ओपिनियनला खारघरला टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर सेंटरला जायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, लॅबकडून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या, ईबर त्याच ब्लॉकवर होते. ब्लॉकच्या प्लास्टिकवर लिहिलेला नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी काउंटरवरच जुळवून बघा, आणि ब्लॉक मेणाचा असतो, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.