हलकी वाइन पाणचट वाटते? चाखताना या चुका टाळा

पुण्यात चार मित्रांनी मिळून चार बाटल्या उघडल्या की निकाल बहुधा ठरलेला असतो. सगळ्यात गडद, सगळ्यात दणदणीत शिराज जिंकते आणि फ्रान्समधल्या बुर्गंडीची फिकी पिनो न्वार ‘काय हे, पाणी घातलंय की काय’ म्हणून बाजूला पडते. सगळ्यात महाग तीच होती, हे वर्गणी काढताना कळतं. नाजूक वाइनला चव नसते असं नाही हो. ती हळू बोलते आणि आपण आजूबाजूला गोंगाट करून ठेवलेला असतो.

पहिला घोळ तापमानाचा. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची’ हा नियम ज्या घरांत रुजला, तिथल्या खोल्या १६-१८ अंशांच्या. एप्रिलमधल्या सदाशिव पेठेतली खोली तिशीच्या पुढे असते. त्या उकाड्यात ग्लासातून आधी अल्कोहोल नाकात घुसतं आणि नाजूक वास त्याखाली दबून जातात. पिनो न्वार किंवा गामेसारखी हलकी रेड १३-१४ अंशांना बरी, बारोलो किंवा काबर्नेसारखी जड रेड १६-१८ला. थर्मामीटर आणायची गरज नाही. रेडची बाटली उघडण्याआधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइटचं नेमकं उलटं होतं: फ्रिजमधून काढून थेट ओतली की चार-पाच अंशांना तिचा वास मुका होतो. ती पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. फसफसणारी मात्र गारच हवी.

दुसरी चूक, रंग बघून ताकद ठरवणं. पिनो न्वारच्या द्राक्षाची साल पातळ, म्हणून वाइन फिकी. पण इटलीतल्या पिएमाँत प्रांतातल्या नेबिओलो या द्राक्षाकडे बघा. बारोलो त्याचीच, बाजारात येण्याआधी किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ महिने लाकडात, असा तिथला नियम आहे. काही वर्षांत रंग विटकरीकडे झुकतो, ग्लासाच्या पलीकडचं दिसतं, आणि घोट घेतला की तुरटपणानं हिरड्या आवळून येतात. डोळ्यांनी फसणारे आपण एकटे नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोमधल्या वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनमध्ये लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. तेव्हा वास घेताना डोळे मिटा आणि कोणत्या ग्लासात कोणती वाइन, हे दुसऱ्यालाच ठरवू द्या.

चाखण्याबद्दल थोडक्यात. लसूण शेव, मसाला शेंगदाणे, बाकरवडी हे सगळं नंतर. तिखटानं अल्कोहोलची जळजळ आणि तुरटपणा दोन्ही वाढतात, लसूण तर तासभर हलत नाही. आधी साधा पाव आणि पाणी. क्रम हलक्याकडून जडाकडे, कोरड्याकडून (ड्राय, म्हणजे साखर न जाणवणारी) गोडाकडे. खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको, आणि शेजारच्या स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी पडत असेल तर गच्चीवर जा.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त वाद होतात ते. ‘ही गोड आहे’, ‘छे, ही तर ड्राय’ हे भांडण एकाच ग्लासावरून होतं. घोट तोंडात घ्या आणि नाक चिमटीत धरा. गोडवा तसाच राहिला तर ती साखर. नाहीसा झाला तर तो फळाचा वास होता आणि जीभ फसली. मग गिळा आणि दहा मोजा. तोंडाला पाणी सुटलं तर आंबटपणा, जीभ कच्चं केळं खाल्ल्यासारखी कोरडी खरखरीत झाली तर टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य. जर्मनीतल्या मोझेलच्या काबिनेट रीस्लिंग या हलक्या व्हाइटमध्ये साखर बऱ्याचदा असते, पण आंबटपणा इतका तरतरीत की ती जाणवत नाही. अल्कोहोल आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास, म्हणून लोक तिला ‘बायकांचं सरबत’ म्हणतात आणि एका मोठ्या वाइनला मुकतात. जेवणात ठेचा असेल तर मी तरी तीच उघडेन.

वर्णनाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. ब्लॅककरंट, व्हायोलेट, जंगली मश्रूम हे शब्द पुस्तकातून पाठ करायचे आणि कधी न हुंगलेल्या वस्तूंचे वास सापडले म्हणून सांगायचे, याला काही अर्थ नाही. आपल्या मिसळणाच्या डब्यात आणि मंडईत बरंच काही आहे, आणि तेही अगदी रासायनिक अर्थानं. सोविन्यॉन ब्लाँ या व्हाइटमधला हिरवट वास देणारी पायराझिन्स ही संयुगं ढोबळी मिरचीतही असतात. त्याच वाइनमधला पेरूचा घमघमाट ज्या गंधकयुक्त रेणूंमुळे येतो, त्यातले काही पिकल्या पेरूतही आहेत. मस्कत द्राक्षाच्या वाइनच्या सुगंधातलं लिनालूल हे द्रव्य धन्यांच्या तेलात भरपूर असतं. शिराजमधला मिऱ्यांचा झणका रोटंडोन या रेणूचा. या वासामागे तोच आहे हे २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी शोधून काढलं, आणि चाचणीत साधारण पाचातल्या एकाला त्याचा वासच आला नाही. म्हणून कुणी ‘मला नाही बुवा मिरी लागत’ म्हणालं तर हसू नका. लवंगेचा वास बहुधा ओकच्या पिंपातून येतो, व्हॅनिला आणि खोबऱ्याचाही.

एकदा हे करून बघाच: छोट्या वाट्यांत मिरी, धने, लवंग, लिंबाची साल, ढोबळी मिरचीचा तुकडा, पेरूची फोड ठेवा, वर रुमाल टाका आणि न बघता ओळखायला सांगा. रोज फोडणी घालणारी माणसंही धन्यांपाशी अडखळतात. नाक ओळखतं, नाव आठवत नाही. तेवढी सवय झाली की ‘स्मूद, फ्रूटी, मस्त’ ही नोंद सुटते. तिच्याऐवजी मला अशी नोंद आवडते: ‘फिका लाल. डाळिंब, वाळलेला गुलाब, मागून ओली माती. आंबटपणा ठसठशीत, तुरटपणा बारीक दळलेला. गिळल्यावर बराच वेळ डाळिंब.’ यात वाइनचा डौल शेवटच्या दोन वाक्यांत आहे. वासांची यादी कितीही लांबवली तरी तो त्यात येत नाही.

प्रांत बदलला की मोजपट्टीही बदला. नाशिकच्या सोविन्यॉनला ‘सान्सेरसारखी नाही’ म्हणून नावं ठेवायची पद्धत आहे. सान्सेर फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातली, आणि तिथं द्राक्षं थंडीकडे सरकणाऱ्या दिवसांत पिकतात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी होते आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, ऊन चढत असताना. फळ वेगळं, वाइनही वेगळीच असणार. आणि ‘आपल्याकडे कुठली वाइन’ हा सूर तर पुणेकरांनी लावूच नये. जिल्ह्यातल्या नारायणगावात १९८०च्या दशकातच शॅम्पेनच्या पद्धतीनं ‘ओमर खय्याम’ ही फसफसणारी वाइन बनत होती. फ्रान्समधल्या शाब्लीच्या जमिनीत शिंपल्यांचे जीवाश्म आहेत हे खरं, पण वेल मुळांतून शिंपल्याची चव ओढून घेत नाही. ‘मिनरल’ (दगड-खनिजांसारखी चव) लिहिण्याआधी नेमकं काय जाणवलं ते लिहा: आंबटपणा, खारटपणा, की गारगोट्या घासल्यावर येतो तसा वास?

उरला बिघाडांचा प्रश्न. उघडल्या उघडल्या विझलेल्या काडीचा वास आला तर ग्लास फिरवा, दहा मिनिटं थांबा, बऱ्याचदा जातो. कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास साध्या व्हाइटमध्ये आला तर तिला हवा लागली आहे. पण स्पेनच्या हेरेझमधल्या फिनो या शेरीत त्याच्या जवळपासचाच वास हवा असतो, तो वाइनवर धरणाऱ्या यीस्टच्या सायीचा. पावसाळ्यात माळ्यावर भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास मात्र बुचाचा दोष, तो कितीही वेळ थांबलात तरी जाणार नाही. हॉटेलात आधी ओततात तो घोट याच तपासणीसाठी असतो, आवडली की नाही ते सांगण्यासाठी नव्हे. बिनधास्त परत करा, पण तेव्हाच. तीन ग्लास रिचवून मग तक्रार केलीत तर मॅनेजर ऐकून घेणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.