दोन पे-स्लिपा: चाइल्डकेअर व्हाउचर आणि ब्रिटनमधला मॅटर्निटी पे

धाकटी पोटात होती तेव्हा, २०१९ च्या जुलैत, ऑफिसातून माझ्या मॅटर्निटी पेचा, म्हणजे बाळंतपणाच्या रजेतल्या पगाराचा, हिशोब आला. मी दोनदा कॅल्क्युलेटर लावला. माझ्या पगाराचे ९० टक्के जेवढे व्हायला हवेत, त्यापेक्षा आठवड्याला ५० पौंड कमी होते. हिशोब मात्र बरोबर होता. थोरल्याच्या नर्सरीची फी भरायला मी महिन्याला २४३ पौंडांची व्हाउचरं सॅलरी सॅक्रिफाइसमधून (म्हणजे तेवढा पगार करारानेच सोडून देऊन) घेत होते, आणि कायद्याच्या नजरेत माझा पगार तेवढ्याने कमीच होता. सहा आठवड्यांचे मिळून ३०३ पौंड गेले. हे टाळता येतं, हे मला आधी कुणी सांगितलंच नाही. पुढे मी पेरोलचं काम शिकले. आता इथल्या ओळखीतल्या कुणाचा बाराव्या आठवड्याचा स्कॅन झाला की अभिनंदनापाठोपाठ मी विचारते, तुझ्या पगारातून सॅक्रिफाइसमध्ये काय काय जातं?

आधी मूळ नियम. स्टॅट्युटरी, म्हणजे कायद्याने द्यावाच लागणारा, मॅटर्निटी पे ३९ आठवडे मिळतो. पहिले सहा आठवडे तुमच्या सरासरी साप्ताहिक कमाईच्या ९० टक्के, आणि पुढचे ३३ आठवडे सरकारने ठरवलेली रक्कम (२०२५-२६ मध्ये १८७ पौंड १८ पेन्स) किंवा तेच ९० टक्के, यातलं जे कमी असेल ते. सरासरी काढताना फक्त नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) लागू होणारी कमाई धरतात. व्हाउचरवर नॅशनल इन्शुरन्स लागत नाही, त्यातच त्याचा फायदा आहे. म्हणून सरासरीत ते येत नाही.

ही सरासरी वर्षभराची नसते. ती साधारण आठ आठवड्यांची असते, म्हणजे महिन्याचा पगार घेणारीच्या दोन पे-स्लिपा. त्या दोन कोणत्या, हे शोधायला मला आईने सांगलीहून पाठवलेलं कालनिर्णय फार उपयोगी पडतं, कारण त्यात रविवार ते शनिवार एका उभ्या रकान्यात असतात आणि इथला प्रसूतीचा आठवडाही रविवारीच सुरू होतो. समजा ड्यू डेट १८ मार्च २०२६, बुधवार. त्या रकान्याचा रविवार १५ मार्च. तिथून पंधरा रकाने मागे गेलं की ३० नोव्हेंबरचा रविवार येतो. ३० नोव्हेंबर ते ६ डिसेंबर २०२५ हा तुमचा क्वालिफाइंग वीक, म्हणजे ज्याच्यावरून मोजणीचे पगार ठरतात तो आठवडा. त्याच्या शनिवारी किंवा त्याआधी झालेला शेवटचा पगार बघा. पगार २८ तारखेला होत असेल तर तो २८ नोव्हेंबरचा. त्याच्या किमान आठ आठवडे आधी झालेला शेवटचा पगार सप्टेंबरअखेरचा. त्या पगाराच्या दुसऱ्या दिवसापासून २८ नोव्हेंबरपर्यंत हातात पडलेला पगार मोजायचा, म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पे-स्लिपा. त्या दोन्हींची बेरीज भागिले दोन, गुणिले बारा, भागिले बावन्न.

त्या दोन स्लिपांत व्हाउचर नसेल तर सरासरी पूर्ण पगाराची निघते. २,६०० पौंड पगार धरा. व्हाउचर नसताना सरासरी आठवड्याला ६०० पौंड, त्याचे ९० टक्के ५४०. व्हाउचर चालू असताना हेच ४८९ पौंड ५३ पेन्स. तोंडी हिशोबासाठी मी एकच सूत्र सांगते: महिन्याला जेवढं सॅक्रिफाइस, त्याच्या सव्वापट रक्कम त्या सहा आठवड्यांत कमी येते. कंपनीच्या नर्सरीसाठी कुणी महिन्याला १,००० पौंड सॅक्रिफाइस करत असेल तर खड्डा जवळपास १,२५० पौंडांचा. व्हाउचर योजना नव्या लोकांसाठी ४ ऑक्टोबर २०१८ ला बंद झाली, पण कंपनीच्या नर्सरीची सवलत अजून चालू आहे आणि तिला व्हाउचरसारखी रकमेची मर्यादा नाही. त्यामुळे आज हा प्रश्न जुन्या व्हाउचरवाल्यांपेक्षा नर्सरीवाल्यांना जास्त भिडतो. पेन्शनसाठी केलेलं सॅक्रिफाइसही सरासरी असंच खाली आणतं.

मग सगळ्यांनी दोन महिने व्हाउचर थांबवावं का? नाही. व्हाउचर थांबलं की त्या महिन्यांची करबचत बुडते, आणि वाढलेल्या मॅटर्निटी पेवर करही लागतो. २० टक्के कराच्या पट्ट्यात, नॅशनल इन्शुरन्सचे ८ टक्के धरून, २४३ पौंडांवर महिन्याला ६८ पौंड वाचतात. दोन महिन्यांचे १३६ सोडायचे आणि ३०३ मिळवायचे, त्यातले कर जाऊन २१८ हातात. निव्वळ फायदा ८२ पौंड. नर्सरीच्या १,००० पौंडांवर तोच ३३७ पौंडांच्या आसपास जातो, पण ते दोन महिने फी करकपातीनंतरच्या पगारातून भरावी लागते, तेवढी शिल्लक आधी बाजूला काढा. ४० टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर गणित उलटतं: रजेतल्या पगारावरही ४० टक्केच लागणार असतील तर थांबवण्यात तोटा आहे. आणि कंपनी स्वतःहून काही महिने पूर्ण पगार देणार असेल, तर तो व्हाउचरच्या आधीच्या पगारावर धरतात की नंतरच्या, हे करारात वाचा. आधीच्या असेल तर काहीच हलवू नका.

ज्यांचा पगार कमी, त्यांची मात्र मला खरी काळजी वाटते. पार्ट टाइम काम करणाऱ्या कितीतरी बायका या गटात आहेत. आठवड्याची सरासरी २०८ पौंडांच्या (२०२५-२६ च्या रकमेनुसार) खाली असेल तर ९० टक्क्यांचा आकडा ठरावीक रकमेपेक्षा कमी पडतो आणि मग सगळे ३९ आठवडे तोच मिळतो. अशा वेळी खड्डा सव्वापट राहत नाही, महिन्याच्या रकमेच्या आठपट होतो. त्याहून वाईट म्हणजे सरासरी १२५ पौंडांच्या खाली गेली (२०२५-२६ ची मर्यादा), की स्टॅट्युटरी मॅटर्निटी पे मिळतच नाही. महिना ७८० पौंड कमावणारीची सरासरी १८० पौंड असते. २४३ चं व्हाउचर घेतलं की ती १२३ पौंड ९२ पेन्स. जेमतेम एका पौंडाने ३९ आठवड्यांचे ६,३१८ पौंड जातात. तिला मग कंपनीकडून एसएमपी१ फॉर्म (हा पे का मिळत नाही हे सांगणारा) घेऊन सरकारी मॅटर्निटी अलाउन्ससाठी वेगळा अर्ज करावा लागतो. पगार या मर्यादेजवळ असेल तर दुसरा विचारच नको, व्हाउचर थांबवा.

थांबवायचं ठरलं तर वेळ सांभाळा. वरच्या उदाहरणात ऑक्टोबरच्या पगारात बदल दिसायला हवा, आणि पेरोलची यादी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच बंद होते. म्हणजे एचआरला सप्टेंबरात, गर्भाच्या सोळाव्या आठवड्याआधी लिहायला हवं. एमएटीबी१, म्हणजे गरोदरपणाचा आणि ड्यू डेटचा दाखला, मिडवाइफ ड्यू डेटला २० आठवडे उरल्यावरच देते. त्याची वाट बघत बसलात तर दोनपैकी एक स्लिप हातातून गेलेली असते. सॅलरी सॅक्रिफाइस हा कराराचा बदल आहे, तोंडी सांगून चालत नाही. मेलमध्ये तीन गोष्टी स्पष्ट लिहा: कोणत्या महिन्याच्या पगारापासून थांबवायचं, कोणत्या महिन्यापासून पुन्हा सुरू करायचं, आणि थांबवल्यामुळे योजनेतली तुमची जागा जात नाही याची लेखी खात्री. काही कंपन्या वर्षातून एकदाच बदल करू देतात, पण गरोदरपणासारख्या मोठ्या बदलासाठी मधेच परवानगी मागता येते. मागा. ऑक्टोबरची स्लिप आली की उघडून बघा, व्हाउचरची ओळ खरंच गेली आहे का.

आता रजेतलं. स्टॅट्युटरी मॅटर्निटी पेमधून सॅक्रिफाइस करता येत नाही, कंपनीने ते कापूही नये. मग व्हाउचर कंपनीने स्वतःच्या खिशातून द्यायचं का? पूर्वी बऱ्याच कंपन्या तसं देत. २०१६ मध्ये पेनिन्सुला विरुद्ध डोनाल्डसन या खटल्यात एम्प्लॉयमेंट अपील ट्रिब्युनलने, रजेच्या काळात व्हाउचर थांबवण्याची अट घालता येते असं म्हटलं. तेव्हापासून कंपनीगणिक पद्धत वेगळी आहे. थोरल्याची नर्सरी रजेतही चालू ठेवायची असेल तर रजेआधीच व्हाउचरची शिल्लक साठवा. म्हणूनच मोजणीचे दोन महिने संपले की लगेच व्हाउचर पुन्हा सुरू करा.

रजेत टॅक्स-फ्री चाइल्डकेअरकडे वळायचा मोह होतो. तिथे तुम्ही ८ पौंड भरले की सरकार २ घालतं, मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत, आणि त्याचा पगाराशी काहीच संबंध नसल्याने मॅटर्निटी पेला धक्का लागत नाही. दोन लहान मुलं नर्सरीत असतील तर ते बहुतेकदा व्हाउचरपेक्षा बरं पडतं. पण दोन्ही एकत्र घेता येत नाहीत, आणि व्हाउचर एकदा सोडलं की परतीचा रस्ता नाही. ज्या बाळासाठी रजा घेतली आहे, त्याच्यासाठीचा अर्जही कामावर परतायला ३१ दिवस उरले की मगच करता येतो. मी आमच्या कालनिर्णयावर परतीच्या तारखेपासून ३१ घरं मागे मोजून तिथे लाल पेनाने फुली मारली होती, आणि त्या दिवशी सकाळी चहाच्या आधी अर्ज भरला.