भुईचाफ्याचे कंद माडाच्या आळ्यात लावू नका

मृग लागायला थोडेच दिवस उरलेत, तेव्हा आधी निचरा बघा, कंद नंतर.

आंबा, फणस, पोफळीच्या दाट सावलीत गवतही धड येत नाही, तिथे जमीन झाकायला भुईचाफ्यासारखं झाड नाही. उन्हाळ्यात पानांआधीच मातीतून पांढरी-जांभळी, वासाची फुलं वर येतात, मग पावसाळाभर खालून जांभळट असलेली रुंद पानं. कोकणात हा कंद सावलीने मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरतो. माडाच्या आळ्यातली माती भुसभुशीत, शेणखत आयतं, खणायचे कष्ट नाहीत, म्हणून कंद तिथेच पुरले जातात. पण आळं केलेलंच असतं पाणी धरायला! आषाढात पानांच्या कडा पिवळ्या पडतात, कोंब धरून ओढला की बुडातून सुटून हातात येतो, कंद अंगठ्याने दाबला तर घाण वासाचं पाणी गळतं. ही कंदकूज. ती वाहत्या पाण्याबरोबर शेजारच्या कंदांतही जाते.

लावण्याआधी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. ते मुरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी दोन तासांनीही दिसलं, तर तिथे निचरा नाही, ती जागा सोडा. पागोळ्यांखालची जागाही नको.

लागवड:
- जागा: माडाच्या बुंध्यापासून 2 मीटर लांब, आळ्याबाहेर
- गादीवाफा: 1 मीटर रुंद, 20 सें.मी. उंच
- अंतर 20-25 सें.मी., खोली 4-5 सें.मी., डोळा वर
- चांगलं कुजलेलं शेणखत, वर पातेऱ्याचा (वाळक्या पानांचा) पातळ थर
- तण हाताने

दोन वाफ्यांमधला चर उताराकडे फुटलेला हवा. गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) येऊन तो बंद होत असेल, तर गडग्याच्या पायाशी भोक ठेवा. जुलैच्या झडीत दर दोन दिवसांनी चरातला पातेरा काढा. हे एक काम चुकलं की बाकीची मेहनत पाण्यात.

लावणीआधी कंद मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणात (लिटरला 3 ग्रॅम) अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा. ही आले-हळदीची मात्रा आहे. कूज दिसलीच तर तो कंद मातीसकट उपटून लांब टाका आणि भोवती 1 टक्का बोर्डो मिश्रण ओता: 10 लिटर पाण्याला मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम. पोफळीसाठी ते करताच, त्यातलंच वापरा. दुकानदार मुळ्या वाढवणारी महागडी बाटली पुढे करील, ती घेऊ नका. कुजक्या मुळीला टॉनिक काय करणार? कापलेल्या कंदाला चुलीची राख लावली तर जखम लवकर सुकते, हा मात्र अनुभवाचा अंदाज, शिफारस नव्हे.

दिवाळीनंतर पानं वाळली की पाणी बंद. ठिबकची नळी वाफ्यावर राहिली, तर झोपलेला कंद थंडीतही कुजतो. पानं दिसेनाशी होण्याआधी वाफ्याच्या चारी कोपऱ्यांत काठ्या रोवा, नाहीतर उन्हाळी भाजीसाठी खणताना कंद कुदळीखाली येतात.