हाय व्होल्टेज पल्स्ड करंट : उपचार कसा द्यावा

फिजिओथेरपीमध्ये हाय व्होल्टेज पल्स्ड करंट, म्हणजे उच्च दाबाचा स्पंदित विद्युतप्रवाह, वापरू लागलेल्या उपचारकाने एक गोष्ट आधी पक्की समजून घ्यावी: यंत्रावर दिसणारा व्होल्टचा आकडा म्हणजे उपचाराची मात्रा नव्हे. हे यंत्र 500 व्होल्टपर्यंत दाब देऊ शकते आणि स्पंदाच्या शिखरावर प्रवाह 2 ते 2.5 अँपिअरपर्यंत जातो. एवढे वाचून रुग्णच काय, विद्यार्थीही बिचकतो. पण हा स्पंद अत्यंत अल्पजीवी असतो. एकामागोमाग एक येणारी, एकाच ध्रुवाची दोन टोकदार शिखरे मिळून एक स्पंद होतो; प्रत्येक शिखर साधारण 5 ते 20 मायक्रोसेकंदांचे असते आणि मधले अंतर धरून संपूर्ण स्पंद साधारणपणे 100 मायक्रोसेकंदांच्या आसपास संपतो. सेकंदाला असे 100 स्पंद दिले, तरी त्यांचा एकूण काळ 10 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग भरतो. उरलेला सगळा वेळ ऊतींमधून काहीच वाहत नाही. त्यामुळे सरासरी प्रवाह 1.5 मिलिअँपिअरच्या वर सहसा जात नाही.

या एका गुणधर्मातून या उपचाराची बलस्थाने आणि मर्यादा दोन्ही निघतात. स्पंद जितका छोटा, तितका चेतातंतूला उद्दीपित करण्यासाठी दाब अधिक लागतो, म्हणून व्होल्टेज उच्च ठेवावे लागते. परंतु इतक्या छोट्या स्पंदात संवेदनेचे आणि हालचालीचे चेतातंतू वेदनेच्या तंतूंच्या बऱ्याच आधी प्रतिसाद देतात, त्यामुळे रुग्णाला हा प्रवाह सुसह्य वाटतो. सरासरी प्रवाह कमी असल्याने इलेक्ट्रोडखाली रासायनिक भाजण्याचा धोका सलग एकदिश प्रवाहापेक्षा पुष्कळ कमी असतो. त्याच कारणाने औषध त्वचेतून आत ढकलण्यासाठी, म्हणजे आयंटोफोरेसिससाठी, हे यंत्र कुचकामी ठरते. ज्या स्नायूची चेता तुटली आहे त्याला आकुंचित करण्यासाठीही ते वापरू नये, कारण अशा स्नायूला बरेच दीर्घ स्पंद लागतात. येथे तीव्रता वाढवत नेल्याने रुग्णाला त्रास होतो आणि स्नायू मात्र हलत नाही.

उपचारापूर्वीची तपासणी

यंत्राला हात लावण्यापूर्वी रुग्णाचा पूर्वेतिहास विचारावा. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले दुसरे विद्युत उपकरण असेल, उपचाराच्या जागी कर्करोगाची गाठ असेल किंवा तशी शंका असेल, खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, रक्तस्राव चालू असेल किंवा जखमेखालच्या हाडात उपचार न झालेला जंतुसंसर्ग असेल, तर हा प्रवाह देऊ नये. गर्भवती स्त्रीच्या पोटावर, कमरेवर व ओटीपोटाच्या भागात तो देऊ नये. मानेच्या पुढच्या बाजूला कॅरोटिड सायनसवर, म्हणजे मानेतील मोठ्या धमनीच्या रक्तदाब जाणणाऱ्या भागावर, इलेक्ट्रोड ठेवू नयेत आणि प्रवाह हृदयातून आरपार जाईल अशी मांडणी छातीवर कधीही करू नये. अपस्माराच्या रुग्णाच्या बाबतीत डोके व मान हा भाग टाळावा. पाठीच्या कण्याला वरच्या पातळीवर, विशेषतः सहाव्या वक्षीय मणक्याच्या वर, इजा झालेल्या रुग्णात तीव्र उद्दीपनाने रक्तदाब अचानक चढू शकतो. तेथे रक्तदाबावर नजर ठेवूनच काम करावे.

त्यानंतर त्वचेची संवेदना तपासावी. टोकदार आणि बोथट स्पर्श रुग्णाला डोळे मिटून वेगळे ओळखता येतात का, हे दोन्ही इलेक्ट्रोडच्या जागी पाहावे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते आणि घाईत हमखास गाळली जाते. संवेदना कमी असणे म्हणजे उपचार बंद असे नव्हे. पण मग तीव्रता ठरवताना रुग्णाच्या शब्दावर विसंबता येत नाही, ती दुसऱ्या पद्धतीने ठरवावी लागते. ती पद्धत पुढे जखमेच्या संदर्भात दिली आहे.

इलेक्ट्रोडची मांडणी

एक इलेक्ट्रोड उपचाराच्या जागी असतो, तो सक्रिय इलेक्ट्रोड. दुसरा आकाराने मोठा असतो आणि सर्किट पूर्ण करतो. मोठ्या इलेक्ट्रोडखाली प्रवाह विखुरतो, म्हणून त्याच्या खाली रुग्णाला फारसे काही जाणवू नये. तेथेच टोचत असेल, तर पॅड कोरडा पडला आहे, त्याची कड उचलली गेली आहे किंवा पट्टा सैल आहे असे समजावे आणि तीव्रता शून्यावर आणून संपर्क दुरुस्त करावा. दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांच्या फार जवळ असतील तर प्रवाह वरवरच्या थरातून निघून जातो. अंतर वाढवले की तो अधिक खोल जातो. यंत्रावरील ध्रुवतेचे बटण सक्रिय इलेक्ट्रोड धन असेल की ऋण, हे ठरवते. उपचार चालू असताना ते बटण फिरवू नये; आधी तीव्रता शून्यावर आणावी, मगच ध्रुव बदलावा, नाहीतर रुग्णाला जोराचा झटका बसतो. शेजारी शॉर्टवेव्ह डायथर्मीचे, म्हणजे उच्च वारंवारतेच्या लहरींनी ऊती तापवणारे, यंत्र चालू असेल, तर ते बंद होईपर्यंत थांबावे किंवा दोन्ही यंत्रांत काही मीटरचे अंतर ठेवावे.

जखमेवरील उपचार

या प्रवाहाचा सर्वांत सबळ उपयोग न भरणाऱ्या जुनाट जखमांमध्ये, त्यातही बेडसोरमध्ये आहे, आणि येथे उपचारकाने सर्वाधिक वेळ व लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते. 1988 साली क्लोथ आणि फीडर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथ्या श्रेणीच्या, म्हणजे स्नायू किंवा हाडापर्यंत खोल गेलेल्या, जखमा असलेल्या 16 रुग्णांपैकी 9 जणांना रोज 45 मिनिटे, आठवड्यातून 5 दिवस हा प्रवाह दिला गेला. त्यांच्या जखमा सरासरी 7.3 आठवड्यांत पूर्ण भरल्या, तर तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील जखमा सरासरीने वाढल्या. रुग्णसंख्या लहान होती, पण त्यानंतरच्या अभ्यासांनीही हीच दिशा दाखवली. बेडसोरविषयीच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत तिसऱ्या व चौथ्या श्रेणीच्या आणि दाद न देणाऱ्या दुसऱ्या श्रेणीच्या जखमांसाठी स्पंदित विद्युत उद्दीपनाची शिफारस आहे.

जखमेची ड्रेसिंग काढून ती सलाइनने नीट धुवावी. याआधी पोव्हिडोन आयोडीन, झिंक किंवा चांदीचे क्षार असलेले मलम लावले असेल, तर त्याचा अंशही राहू देऊ नये, कारण औषधोपचाराला पुरेल इतके नसले, तरी या पदार्थांतील थोडेफार आयन, म्हणजे विद्युतभारित कण, प्रवाहामुळे ऊतींत शिरू शकतात. पेट्रोलियमयुक्त मलमही पुसून काढावे. ते प्रवाहाला अडवते. मृत ऊती असतील तर त्या आधी काढून घेणे आवश्यक आहे. मग निर्जंतुक गॉज सलाइनमध्ये भिजवून, थोडे पिळून, जखमेच्या पोकळीत हलक्या हाताने भरावे. ते ठासून भरू नये, कारण दाबाखाली केशवाहिन्या बंद होतात आणि ज्या ऊतींना रक्त हवे त्यांचेच तुटते. मात्र कडेची पोखरलेली जागा रिकामी राहिली तर तेथे प्रवाह पोहोचत नाही, म्हणून तीही भरावी. या गॉजवर इलेक्ट्रोड ठेवावा. ॲल्युमिनियम फॉइलची घडी करून, तिला चिमट्याने तार जोडूनही इलेक्ट्रोड बनवता येतो. तो प्रत्येक वेळी नवा वापरता येतो, ही त्याची मोठी सोय आहे. फॉइल किंवा चिमटा थेट त्वचेला लागणार नाही याची खात्री करावी. मोठा इलेक्ट्रोड ओलसर पॅडसह जखमेपासून किमान 15 ते 20 सेंटिमीटरवर, अखंड त्वचेवर बांधावा.

वारंवारता सेकंदाला 100 ते 120 स्पंद, वेळ 45 ते 60 मिनिटे आणि आठवड्यातून 5 ते 7 दिवस, अशी ही पद्धत रूढ आहे. तीव्रता बहुधा 100 ते 200 व्होल्टच्या दरम्यान येते, पण आकडा गाठायचा म्हणून ती वाढवू नये. संवेदना शाबूत असलेल्या रुग्णाला हलक्या, सुसह्य मुंग्या जाणवल्या की थांबावे. संवेदना नसेल, तर स्नायूत किंचित आकुंचन दिसेपर्यंत तीव्रता हळूहळू वाढवावी आणि ते आकुंचन दिसेनासे होईल इतकी लगेच खाली आणावी.

ध्रुव कोणता निवडावा, यावर मतभेद आहेत. शरीरातील पेशी विद्युतक्षेत्रात विशिष्ट ध्रुवाकडे सरकतात, त्यामुळे ध्रुव बदलला की कोणत्या पेशी जखमेकडे ओढल्या जातील हेही बदलू शकते, असा यामागचा विचार आहे. जखमेत संसर्ग किंवा चिकट मृत थर असेल तर पहिले 3 ते 7 दिवस ऋण ध्रुव ठेवावा, जखम स्वच्छ होऊन लाल दाणेदार ऊती दिसू लागल्या की धन ध्रुवाकडे वळावे आणि भरण्याची गती पुन्हा मंदावली तर ध्रुव पुन्हा बदलून पाहावा, हा क्रम बरेच उपचारक पाळतात. अभ्यासांत ध्रुवतेच्या वेगवेगळ्या पद्धती वापरूनही गुण आलेला आहे; म्हणून मी ध्रुवाच्या निवडीपेक्षा उपचारातील सातत्याला अधिक महत्त्व देतो. जखमेवरचा दाब मात्र हटलाच पाहिजे. रुग्ण तासन् तास त्याच जागेवर भार देऊन पडून राहणार असेल, तर दिवसातला तासभर प्रवाह देऊन जखम भरणार नाही.

सूज आणि वेदना

सुजेवर उपचार करताना ती ताजी आहे की जुनी, हे आधी ठरवावे. दुखापत नुकतीच झाली असेल तर आकुंचन घडवायचे नसते. प्राण्यांवरील प्रयोगांत दुखापतीनंतर लवकर, ऋण ध्रुव, सेकंदाला 120 स्पंद आणि आकुंचन दिसते त्यापेक्षा 10 टक्के कमी व्होल्टेज दिल्यावर सूज वाढण्याला आळा बसला. माणसांमधील पुरावा तितका भक्कम नाही, म्हणून हा उपचार बर्फ, दाबपट्टी आणि अवयव उंचावर ठेवणे यांच्या जोडीनेच द्यावा. सूज जुनी, साचलेली असेल तर उलट स्नायूंचा पंप चालवायचा असतो. पाय हृदयापेक्षा उंच ठेवून पोटरीच्या स्नायूवर इलेक्ट्रोड लावावेत, सेकंदाला 35 ते 50 स्पंद ठेवावेत, काही सेकंद आकुंचन आणि तितकीच विश्रांती, असे 20 ते 30 मिनिटे चालू द्यावे. आकुंचन डोळ्यांना स्पष्ट दिसले पाहिजे. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर रक्ताची गुठळी नाही याची डॉक्टरांकडून खात्री होईपर्यंत यंत्र बाजूला ठेवावे.

वेदनेसाठी सेकंदाला 80 ते 120 स्पंद आणि केवळ मुंग्या येतील इतकी तीव्रता, 20 ते 30 मिनिटे, पुरेशी असते. जुनाट वेदनेत सेकंदाला 2 ते 4 स्पंद देऊन स्नायूचे ठळक ठोके उमटवता येतात. त्याचा आराम उशिरा सुरू होतो पण अधिक वेळ टिकतो.

उपचार संपताना आणि नंतर

तीव्रता आधी शून्यावर आणावी, मग यंत्र बंद करावे आणि त्यानंतरच इलेक्ट्रोड काढावेत. दोन्ही जागांची त्वचा पाहावी. सर्वत्र सारखी, फिकट लाली थोड्या वेळाने ओसरते. एका ठिकाणी गडद ठिपका, फोड किंवा आग होणे दिसले तर त्या जागी पुढचा उपचार थांबवावा आणि संपर्कात काय बिघडले होते ते शोधावे. नोंदीत सक्रिय इलेक्ट्रोडचा ध्रुव, वारंवारता, वेळ, गाठलेली तीव्रता, रुग्णाला काय जाणवले आणि इलेक्ट्रोड नेमके कुठे होते, हे सर्व लिहावे, कारण दुसऱ्या दिवशी उपचार दुसरा कोणी देणार असेल तर त्याला याच नोंदीवर चालायचे असते. जखमेची लांबी, रुंदी व खोली आठवड्यातून एकदा, रुग्णाला प्रत्येक वेळी त्याच स्थितीत झोपवून, मोजावी. दोन ते चार आठवड्यांत जखम लहान होत नसेल, तर तीव्रता वाढवत बसू नये. अवयवाचा रक्तपुरवठा, रक्तातील साखर, आहारातील प्रथिने, हाडातील संसर्ग आणि जखमेवरचा दाब यांची डॉक्टरांसह फेरतपासणी करावी आणि तिच्या निष्कर्षानुसार उपचार बदलावा किंवा थांबवावा.