गाडी खाली करताय? मग या चुका टाळा

पहिल्यांदा गाडी खाली करून घेतली, म्हणजे स्प्रिंगा आखूड करून तिची उंची कमी केली, आणि आठव्या दिवशी परत गॅरेजच्या दारात उभा राहिलो. जुळे सोलापुरातल्या घरापासून नवी पेठेतल्या दुकानापर्यंत बारा स्पीड ब्रेकर लागतात, हे मला त्या आठवड्यात कळलं. तोवर मोजायची वेळच आली नव्हती. बारापैकी नऊ ठिकाणी पोटाखालून खर्रर्र. उरलेल्या तीन ठिकाणी मी आधीच घाबरून गाडी तिरकी घालायचो आणि मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खायचो.

गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय, सेकंडहँड. तिला स्पोर्ट्स कार म्हणायला थोडी धिटाई लागते, पण १.२ लिटरचं टर्बो इंजिन आणि आटोपशीर अंग, वळणावर मजा येते. चाक आणि मडगार्ड यांच्यात चार बोटं जातील एवढी फट मात्र डोळ्यांत खुपायची. आपल्याकडे बहुतेक जण गाडी खाली करतात ते या फटीपायीच, हँडलिंग वगैरे बोलणं नंतरचं. त्यात गैर काही नाही. फक्त एक हिशोब आधी करा. चाकाला वर यायला कंपनीने जी जागा ठेवलेली असते, तीच आपण खर्च करत असतो. गाडी ३० मिलिमीटर खाली गेली की चाकाची ३० मिलिमीटर जागा गेली. रस्त्यातला खड्डा काही त्या मापात उथळ होत नाही. पुढच्या बहुतेक चुका हा हिशोब न केल्याने होतात.

स्प्रिंगला कट मारणे

"साहेब, नव्या स्प्रिंगला पैसे कशाला घालवता? एक कट मारू, मस्त बसंल गाडी." मी ऐकलं. तासाभरात चारही स्प्रिंगा ग्राइंडरखाली गेल्या. गाडी दिसायला खरंच झकास झाली. पार्क चौकात दोघांनी वळून पाहिलं, एवढाच काय तो फायदा.

कापलेली स्प्रिंग कडक होते, हे खरं. स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहा वेढे काम करत असतील आणि त्यातला एक काढला तर स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक झाली. ऐकायला बरं वाटतं. पण कंपनीने स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीत नीट बसेल असं वळवलेलं असतं, ते टोकच आपण फेकून देतो. आता कापलेली धार वाटीवर टेकते, रंग खरवडते, तिथे गंज धरतो. त्याहून वाईट म्हणजे गाडी जॅकवर घेतली, चाक लोंबकळलं की आखूड झालेली स्प्रिंग वाटीतून मोकळी होते. हे तपासायला मिस्त्री लागत नाही. चाक हवेत असताना स्प्रिंग हाताने फिरवून बघा. माझी गरागरा फिरत होती. मोठ्या खड्ड्यावरून जाताना चाक क्षणभर असंच लोंबकळतं, आणि परत येताना स्प्रिंग जागेवर बसेलच याची खात्री नाही.

गॅसने स्प्रिंग तापवून बसवणारेही आहेत. तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग स्प्रिंग दर महिन्याला आणखी थोडी बसत जाते. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. करू नका.

आखूड स्प्रिंग, जुना शॉकअप

दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं. तयार लोअरिंग स्प्रिंगा मागवल्या. शॉकअप मात्र तेच ठेवले, ऐंशी हजार किलोमीटर पळालेले. गाडी आता घासत नव्हती, पण खड्ड्यात गेली की मणक्यात दणका बसायचा. मला वाटलं, स्पोर्ट्स स्प्रिंग म्हणजे असंच असणार.

शेवटी अक्कलकोट रोडच्या बाजूला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी बोनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी एकदाच दाबली. जेमतेम दोन बोटं खाली गेली आणि अडली.

"गाडी खाली बसली न्हाई बे तुझी," मामा म्हणाले. "जंपिंग रबरावर टेकलीय."

शॉकअपच्या दांड्यावर वरच्या टोकाला असतं ते जंपिंग रबर. त्याचं काम शेवटच्या क्षणी धक्का झेलायचं. पण मूळ मापाच्या शॉकअपवर आखूड स्प्रिंग लावली की उभ्या गाडीतच त्या रबरापर्यंतचं अंतर फार थोडं उरतं. मग प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंग नव्हे, रबर काम करतं. त्यात नवी स्प्रिंग जास्त कडक, तिची उसळी आवरायला जुन्या शॉकअपमध्ये जोर नाही. म्हणून खड्ड्यात दणका आणि खड्डा संपल्यावर होडीसारखं डुलणं, दोन्ही एकदम.

मामांनी एक साधी युक्ती दाखवली. शॉकअपचं धूळरबर वर सरकवायचं, दांड्यावर प्लॅस्टिकचा केबल टाय घट्ट बांधून अगदी खाली, नळीला टेकवून ठेवायचा. मग गाडी रोजच्या रस्त्यावरून फिरवून आणायची. नळी वर येताना टाय ढकलत नेते आणि परत खाली जाते. टाय जिथे थांबला, तिथपर्यंत चाक वर आलं होतं. माझा टाय रबरात रुतून बसला होता, आणि मी तर फक्त सात रस्ता चौकाला वळसा घालून आलो होतो.

यावर उपाय म्हणजे आखूड स्प्रिंगच्या मापाचे शॉकअप, किंवा सरळ कॉइलओव्हर, म्हणजे उंची आट्यांवर कमी-जास्त करता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी. नाहीतर खाली जायचा आकडा कमी करा. आपल्या रस्त्यांवर २० ते २५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी विजापूर रोडला पाऊस पडून गेल्यावर एक चक्कर मारावी.

"खाली गेली म्हणजे वळणावर झुकणार नाही"

हा गैरसमज सगळ्यात चिवट आहे. वजन खाली गेलं की गाडी कमी कलंडते, हे अर्धं खरं. बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी वळताना ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू अशा गाडीत लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, कोनावर ठरतो. आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर चढलं की तो बिंदू झपाट्याने खाली पळतो, गाडीचं वजन जितकं खाली आलं त्याच्याहून जास्त. दोघांमधलं अंतर वाढतं आणि तेवढीच स्प्रिंग असताना गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते. खाली करून हँडलिंग बिघडवणं म्हणतात ते हे.

तपासायचं कसं? गाडी चारही चाकांवर सपाट जागी उभी करा, खाली वाकून लोअर आर्मचा आतला बुश (रबरी सांधा) आणि बाहेरचा बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) यांचे मध्यबिंदू बघा. बाहेरचं टोक किंचित खाली किंवा समपातळीत असेल तर ठीक. वर गेलं असेल तर गाडी जास्त खाली गेली. टायरॉडचा, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, कोनही त्याच्याबरोबर बिघडतो. मग एकच चाक खड्ड्यात गेलं तरी स्टिअरिंग हाताला झटका देतं.

बोल्ट हवेत आवळणे

ही चूक चांगली चांगली गॅरेजं करतात, कारण गाडी लिफ्टवर असताना सगळं हाताशी असतं. लोअर आर्मच्या बुशमध्ये आतलं लोखंडी नळकांडं आणि बाहेरची कड यांच्यामध्ये रबर चिकटवलेलं असतं. हा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही, रबर पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर त्याच स्थितीत पक्कं होतं. गाडी खाली उतरवली की ते कायम पिळलेलं राहतं. गाडी एखाद्या सेंटिमीटरने उंच बसते, आपण म्हणतो "अजून बसली नाही", आणि काही महिन्यांत बुश फाटून टक-टक सुरू.

मामांनी काय केलं ते सांगतो. बुशचे बोल्ट नुसते हाताने लावले, गाडी उतरवली, चारही चाकं फळ्यांवर चढवली, गाडी दोनदा हलवून बसवली. मग पोत्यावर आडवे झाले आणि टॉर्क पाना लावला, ठरवलेला जोर लागला की वाजणारा. कट्ट असा आवाज आला की पुढचा बोल्ट. फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत बरेच बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर वर काही अंश फिरवायचे असतात आणि एकदा उघडले की नवेच घालायचे असतात. तिथे पन्नास-शंभर रुपये वाचवू नका.

बाकीच्या चुका पटापट. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) न लावता शॉकअपचा वरचा नट सोडणे. दाबलेली स्प्रिंग माणूस मारू शकते. तोच नट इम्पॅक्ट गनने घुमवणे. दांडा आत गरगरतो आणि सील जातं. उंची जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजणे. टायरमधली हवा आणि फरशीचा उतार त्यात येतो, त्यापेक्षा चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत मोजा. हेडलाइटचा झोत परत न जुळवणे. गाडी पुढे-मागे सारखी खाली गेली नसेल तर झोत एकतर पायाशी पडतो नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात. आणि अलाइनमेंट "नंतर बघू" म्हणणे. पुढची उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) दोन्ही हलतात. बिघडलेला टो नवा टायर काही हजार किलोमीटरमध्ये आतल्या कडेने खाऊन टाकतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो टायर ठणठणीत दिसतो.

सोलापूरची स्वतःची एक अडचण आहे, धूळ. कॉइलओव्हरच्या आट्यांत धूळ बसते, वरून वॉशिंगचं पाणी, की उंची ठरवणारी कॉलर वर्षात जाम. बसवतानाच आटे साफ करून चांगलं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावा. उन्हाळा आणि पावसाळा संपल्यावर एकदा ब्रशने झाडून कॉलर थोडी फिरवून परत जागेवर आणा. धूळरबर फाटलं असेल तर त्याच दिवशी बदला. दांड्यावर बसलेली रेती पॉलिश पेपरसारखी सील घासते.

आवाज कुठून येतोय?

जागेवर स्टिअरिंग फिरवताना 'टण्ण' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलंय किंवा स्प्रिंगचं टोक वाटीत नीट बसलेलं नाही. लहान खडबडीत रस्त्यावर सतत टक-टक असेल तर आधी लिंक रॉड बघा, वळणावर झुकणं आवरणाऱ्या बारला जोडणारा छोटा दांडा. गाडी खाली गेल्यावर त्याचा कोन बदलतो, आणि मूळ मापाचा रॉड लांब पडतो. फक्त मोठ्या खड्ड्यात एकच ठोका म्हणजे जंपिंग रबर. पूर्ण वळवून रिव्हर्स घेताना घासल्याचा आवाज म्हणजे टायर आतल्या प्लॅस्टिकला लागतोय. हे रिकाम्या गाडीत कळणार नाही. मी चार मित्रांना हुरड्याला नेतो म्हणून गाडीत कोंबलं, तेव्हा कळलं.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काम करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा.

आता स्पीड ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे १७ मीटर त्रिज्येची सौम्य कमान. अडीच मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर चढली की दोन चाकांच्या मधोमध कमान जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येते. २५ मिलिमीटर खाली केलेल्या गाडीला त्याचा काही त्रास नाही. त्रास देतात ते गल्लीतल्या लोकांनी उरलेल्या सिमेंटमधून रात्रीत घातलेले वरवंटे. माझ्या रस्त्यावरच्या बारांपैकी आता तसा एकच उरलाय, एका मंगल कार्यालयाच्या दारात. तिथे अजून गाडी तिरकीच घालतो.